टीडीएस दीडशे, मग झालं?

वादाला तोंड फोडलं दिन्यानं. खिशातून टीडीएस मीटर, म्हणजे लिटरभर पाण्यात एकूण किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते दाखवणारं यंत्र, काढून म्हणाला, "बोअरचं पाणी, आकडा दीडशे. यात काय खोट काढाल?"

"आर्सेनिक असू शकतं," सुधीर म्हणाला. पाणी तपासणं हा त्याचा पोटाचा धंदा.

"मग मीटरवर दिसलं असतं की!"

"कसं दिसेल? आर्सेनिकची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. दहापट असलं तरी तुझा मीटर दीडशेच दाखवणार."

अण्णांचा उपाय ठरलेला. "उकळून प्या रे, सगळं मरतं."

"जंतू मरतात, अण्णा. नायट्रेट, फ्लोराइड कुठं मरतंय? पाणी आटलं की उलट दाट होतं. त्यात वरच्या दुधावरचं तान्हं बाळ असेल तर बघायलाच नको. पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं, हिमोग्लोबिन बिघडतं, रक्ताला ऑक्सिजन पोहोचवता येत नाही. बाळाचे ओठ, नखं निळी पडतात."

फ्लोराइडवर फार ताणलं नाही. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की पोरांच्या दातांवर डाग, आणि वर्षानुवर्षं बरंच जास्त पोटात गेलं तर हाडं-सांधे आखडतात, एवढं सगळ्यांनाच माहीत होतं.

दिन्या मात्र हटेना. "खोल जमिनीतलं, गाळून आलेलं पाणी ते!"

"बांगलादेशातही हाच हिशेब होता. तळ्याच्या पाण्यानं पोरं जुलाबानं जात होती, म्हणून १९७० च्या दशकापासून लाखो कूपनलिका खणल्या. १९९३ साली आर्सेनिक सापडलं. ते कुणी कारखान्यानं सोडलेलं नव्हतं, नद्यांच्या गाळाच्या थरांतच होतं. लोकांच्या तळव्यांवर खरखरीत गाठी आल्या, काहींना पुढं कर्करोग."

"म्हणजे परत तळ्याचं प्यायचं?" दिन्यानं विचारलं. प्रश्न रास्तच होता. सुधीर क्षणभर अडला.

"नाही. तिथं एकेक पंप तपासून रंगवले, वाईट तो लाल, चांगला तो हिरवा. शेजारच्या दोन पंपांचे रंगही वेगळे निघायचे. म्हणून शेजाऱ्याचा रिपोर्ट तुला चालत नाही."

"बरं, बाटली भरून आणतो."

"आधी पंप चार-पाच मिनिटं चालू ठेव, मग भर. आणि अर्जात नुसतं 'पाणी तपासा' लिहू नकोस. आर्सेनिक, फ्लोराइड, नायट्रेट, नावं घालून माग."

"आणि जंतू?" अण्णा.

"त्याची बाटली वेगळी, निर्जंतुक केलेली. ती मी देतो."