बिल नाही, मग लॅपटॉप काय आभाळातून पडला?

बिघडलेला लॅपटॉप काउंटरवर ठेवला की समोरून पहिला प्रश्न यायला हवा, "काय होतंय याला?" येतो तो मात्र "बिल आहे का?" आणि आपण "नाही" म्हटलं की समोरचा माणूस एकदम निवांत होतो. आता त्याला लॅपटॉप उघडूनसुद्धा बघायची गरज नसते. तो निवांतपणा मला भयंकर खटकतो, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

पैसे दिले, वस्तू घेतली, व्यवहार झाला. त्याची एक नोंद माझ्याकडच्या चिटोऱ्यावर होती आणि दुसरी दुकानाच्या संगणकात आहे. माझी हरवली म्हणून त्यांची हरवत नाही. तरीही सगळा भार माझ्या चिटोऱ्यावर. दुकानदाराने स्वतःचं रेकॉर्ड बघायचे कष्ट वाचवायचे आणि नियम मात्र मला ऐकवायचा, हे काही पटत नाही.

बरं, तो चिटोरा तरी कसला? बहुतेक दुकानांत बिल छापतात ते थर्मल कागदावर. त्यात शाई नसतेच. कागदावर रसायनाचा थर असतो, प्रिंटरच्या उष्णतेने तो काळा पडतो आणि अक्षरं उमटतात. तोच कागद पुढे ऊन, उष्णता, हाताला लावलेलं सॅनिटायझर, एवढंच काय, जपून ठेवायला घेतलेलं प्लॅस्टिकचं पाकीट, यांतल्या कशानेही फिका पडतो. म्हणजे फाइलमध्ये नीट लावून ठेवणाऱ्याचं बिलही वॉरंटी संपायच्या आत कोरं होऊ शकतं. फ्रान्समध्ये तर १ ऑगस्ट २०२३ पासून दुकानात आपोआप पावती छापणंच बंद झालंय, हवी असेल तर मागून घ्यायची. जग त्या दिशेने चाललंय आणि काउंटरवर अजून कागद दाखवल्याशिवाय बोलणंच सुरू होत नाही.

लॅपटॉपच्या बाबतीत तर हा हट्ट आणखीच पोकळ आहे. शर्ट किंवा चप्पल परत आणली, तर ती याच दुकानातली कशावरून, ही शंका रास्त. लॅपटॉपला सीरियल नंबर असतो. तो खालच्या बाजूला स्टिकरवर किंवा कोरलेला असतो, खोक्यावर असतो, आणि स्टिकर झिजलं असलं तरी मशीनच्या आत, बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये) असतोच. मॅकमध्ये 'अबाउट धिस मॅक' उघडलं की समोर दिसतो. बिल करताना बहुतेक दुकानं तो नंबर स्कॅन करून घेतात, कारण उद्या कंपनीकडे वॉरंटीचा दावा लावायचा तर त्यांनाही तो लागतो. म्हणजे हे मशीन कोणी, कधी, कितीला विकलं याचं उत्तर त्यांच्याच सिस्टीममध्ये आहे. आपण फक्त 'शोधा' म्हणायचं.

मागे मावसबहिणीबरोबर अशाच कामाला गेले होते. तिच्या लॅपटॉपची स्क्रीन मध्येच काळी व्हायची. काउंटरवरच्या मुलाने नेहमीचं सुरू केलं, "ताई, बिलाशिवाय काही होत नाही. सिस्टीम घेतच नाही." बहीण लगेच लॅपटॉप पिशवीत भरायला लागली. मी म्हटलं, "दादा, हिचा मोबाइल नंबर टाकून बघा ना. बिल करताना घेतला होता तुम्ही." त्याने चार वेळा 'नाही सापडणार' म्हणत नंबर टाकला आणि बिल लगेच समोर आलं. तारीख, मॉडेल, सीरियल नंबर, सगळं. प्रिंटही निघाली. इतक्या सोप्या गोष्टीसाठी मुळात 'नाही' का म्हणायचं? माझा अंदाज असा, की दहातले बरेच जण तिथूनच परत फिरतात आणि दुकानाला ते सोयीचं पडतं.

मोबाइल नंबरने नाही सापडलं तर बाकी बरंच काही असतं. कार्डाचं किंवा बँकेचं स्टेटमेंट, ऑनलाइन पेमेंटचा व्यवहार क्रमांक, हप्त्यांवर घेतला असेल तर कर्जाचे कागद (त्यात बऱ्याचदा मॉडेलसुद्धा लिहिलेलं असतं), दुकानाच्या पॉइंट्सच्या कार्डाचं खातं, ईमेलमध्ये पडलेली पुष्टी, कंपनीच्या साइटवर केलेली नोंदणी. खरी अडचण रोखीने घेतलेल्यांची. त्यांच्यासाठी सीरियल नंबर आणि साधारण तारीख एवढंच हाताशी उरतं. तारीख आठवत नसेल तर लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला तेव्हाचे फोटो किंवा 'नवीन घेतला' म्हणून कुणाला टाकलेला मेसेज शोधा. त्याने सिद्ध फार काही होत नाही, पण दुकानाला कुठल्या आठवड्याची बिलं उघडायची ते कळतं.

आता दुकानदाराची बाजू. ती अगदीच खोटी नाही. चोरीचा माल परत करून पैसे घेणारे असतात. एका दुकानात स्वस्तात घेऊन दुसरीकडे महागात परत करू पाहणारे असतात. शिवाय पैसे परत करायचे तर कराच्या हिशेबात मूळ बिलाचा नंबर लागतोच. म्हणून खात्री करून घेण्याबद्दल माझी तक्रार नाही, जरूर करा. पण खात्री करणं आणि हाकलून देणं यात फरक आहे. आणि आवडला नाही, रंग पटला नाही म्हणून परत करणाऱ्याला दुकानाने 'बिल आणाच' म्हटलं तर मी दुकानाच्या बाजूने उभी राहीन. तिथे परत घेणं ही बहुतेक ठिकाणी दुकानाची मेहेरबानी असते. माल सदोष निघाला की मेहेरबानीचा प्रश्नच उरत नाही.

कायदा काय म्हणतो तेही बघा. ऑस्ट्रेलियातली ग्राहक यंत्रणा खरेदीचा पुरावा म्हणून बँक स्टेटमेंट चालतं असं सांगते, आणि विक्रेत्याच्या नोंदीत खरेदीशी जोडलेला सीरियल नंबरही चालतो. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात सदोष वस्तू ३० दिवसांच्या आत नाकारून पूर्ण पैसे मागता येतात. पहिल्या सहा महिन्यांत दोष दिसला तर तो मुळातच होता असं धरलं जातं, नव्हता हे दुकानाने दाखवायचं. युरोपीय संघात नव्या मालासाठी विक्रेत्याची जबाबदारी किमान दोन वर्षं. आपल्याकडचा २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा तर मला या बाबतीत विशेष आवडतो. बिल न देणं हीच त्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. मुदत बिलावर लिहिलेली असेल ती, आणि लिहिलेली नसेल तर ३० दिवस. तक्रार दाखल करायला दोन वर्षं मिळतात, आधी १९१५ या हेल्पलाइनवर बोलता येतं. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही ओळ कितीही जाड ठशात छापली तरी ग्राहक आयोगापुढे तिचा फारसा उपयोग होत नाही.

यावर दुकानांचा ठरलेला बचाव म्हणजे, "आम्ही फक्त विकतो, सर्व्हिस सेंटरला जा." कंपनीची वॉरंटी आणि विक्रेत्याची जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुरुस्तीच हवी असेल तर सर्व्हिस सेंटर उत्तम, तिथे बऱ्याचदा सीरियल नंबरवरच काम होतं. एक खोच आहे मात्र. खरेदीचा पुरावा नसेल तर कंपनी वॉरंटी कधी कधी कारखान्यातून माल निघाल्याच्या तारखेपासून मोजते. लॅपटॉप गोदामात काही महिने पडून असेल तर तेवढे महिने तुमच्या वॉरंटीतून गेले. अशा वेळी स्टेटमेंट दाखवून तारीख दुरुस्त करून मागायची. बऱ्याच जणांना असं मागता येतं हेच माहीत नसतं.

पण बिलापेक्षा जास्त लोक अडकतात ते दोष दाखवण्यात. घरी दिवसभर छळणारा लॅपटॉप काउंटरवर शहाण्या मुलासारखा वागतो. "बघा, चालतोय की!" म्हणून बिघाड होत असताना फोनवर व्हिडिओ घ्या, स्क्रीनवरची तारीख-वेळ दिसेल असा. एरर आली तर तिचा फोटो. बॅटरी लवकर उतरत असेल तर विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढता येतो, त्यात मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता शेजारी शेजारी असतात. त्यावर वाद घालणं कुणालाही अवघड. बॅटरी फुगली असेल तर मात्र रिपोर्ट-बिपोर्टच्या भानगडीत पडू नका, चार्जिंग बंद करा आणि तसाच घेऊन जा.

लॅपटॉप देण्याआधी डेटाची प्रत काढा. बिटलॉकर (विंडोजमधलं डेटाला कुलूप लावणारं साधन) चालू असेल तर रिकव्हरी की (ते कुलूप उघडायचा लांबलचक आकडा) कुठे आहे ते बघून ठेवा. मशीन कायमचंच परत करणार असाल तर सगळ्या खात्यांमधून लॉगआउट व्हा आणि 'फाइंड माय'सारखं (हरवलेलं मशीन शोधायला लावलेलं) कुलूप काढा, नाहीतर तेवढ्याच कारणावरून परत पाठवतील. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देणारे लोक मी पाहिलेत. कृपया नको.

लॅपटॉप ठेवून घेतला तर जॉबशीट (तक्रार लिहून दुकान देतं ती पावती) मागा आणि ती वाचा. 'चेकिंगसाठी' एवढंच लिहिलेलं असतं. तिथे 'स्क्रीन मध्येच बंद पडते, बाहेरून कुठे मार नाही' असं स्पष्ट लिहून घ्या, सीरियल नंबरसकट. चार दिवसांनी 'पाणी गेलंय', 'पडलेला दिसतो' अशी भाषा सुरू झाली की हीच शीट उपयोगी पडते. नकारच देणार असतील तर तोही लेखी मागा. "बिल नाही म्हणून घेत नाही, एवढं ईमेलवर पाठवा" म्हटलं की मॅनेजर बाहेर येतो, हा माझा अनुभव.

आणि पैसे परत द्यायला तयार झाले, की शेवटची खेळी येते, "बिल नाही ना, मग आजच्या किमतीने देऊ." लॅपटॉपच्या किमती उतरत असतात, त्यामुळे आजची किंमत दुकानाच्याच फायद्याची. तुम्ही दिलेली रक्कम स्टेटमेंटवर आहे आणि त्यांच्या बिलाच्या प्रतीवरही. तीच मागा, आणि क्रेडिट नोट (पैशांऐवजी त्याच दुकानात वापरायची चिठ्ठी) हातात ठेवू लागले तर ज्या खात्यातून गेली त्याच खात्यात मागा.