पिशवीला सूज आहे

आज सकाळी दूध आणायला गेले तर चौकात हा मोठा फ्लेक्स. वर नेत्यांच्या मुंडक्यांची रांग, खाली शाल-श्रीफळ घेतलेले आमचे डॉक्टरसाहेब आणि सोनेरी अक्षरांत 'आरोग्यसेवेचा महामेरू'. घरी येऊन मोबाईल उघडला तर नातेवाइकांच्या ग्रुपवर तोच फोटो. खाली हात जोडलेल्यांची रीघ, मनःपूर्वक अभिनंदन साहेब वगैरे. त्यात माझ्या मावशीचे सख्खे दीर! आता काय बोलावं माणसानं. तिथं बोलले तर ग्रुपमधून काढतील, म्हणून इथं लिहितेय. डॉक्टरांचं नाव घेणार नाही. तालुक्यातल्यांना कळेल, बाकीच्यांना कळून उपयोग नाही.

मावशीची पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती. संक्रांतीच्या सुमारास तिला परत अंगावरून लाल दिसायला लागलं. थोडंथोडंच. ती साहेबांकडे गेली, कारण आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यातली बाई दुसऱ्या कुणाकडे जाणार? "साहेबाच्या हाताला गुण हाय" हे तिचं ठरलेलं वाक्य. साहेब खुर्चीतून हलले नाहीत. उष्णता आहे म्हणाले, रक्त थांबायच्या गोळ्या दिल्या. रक्त थांबलं. महिन्यानं परत सुरू झालं. मग सोनोग्राफी, मग "पिशवीला सूज आहे". मग सलाईन. मग अशक्तपणा आला म्हणून ताकदीची इंजेक्शनं. पेरणी झाली, खुरपणी झाली, सूज काही उतरेना.

पाळी गेलेल्या बाईला पुन्हा रक्त दिसलं तर दुसरं कारण सापडेपर्यंत कॅन्सरची शंका धरायची, हे डॉक्टरकीच्या पोरापोरींना कॉलेजात शिकवतात. मोठं गूढ नाही काही. बाईला टेबलावर झोपवायचं, आतून तपासायचं, पिशवीच्या तोंडाशी नजर टाकायची, शंका आली तर तुकडा तपासायला पाठवायचा. यातल्या पहिल्या गोष्टीला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

मान्य, त्यांच्या दारात रोज शंभर पेशंट असतात. मान्य, मावशीही लाजली असती. पण विचारायचं तरी!

सोयाबीनच्या सुगीत मावशीचा फोन आला, "कंबर लई दुखूलालीय गं, अन् वास येऊलालाय." त्या 'वास' शब्दानं माझ्या पोटात गोळा आला. तिला गाडीत घातलं आणि येडशीवरून थेट बार्शीला, नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलला नेलं. तिथल्या डॉक्टरीण बाई वयानं माझ्याहून लहान. मावशीनं कॅरीबॅगेतून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. बाईंनी एकेक चिठ्ठी पुढून-मागून पाहिली. कुठं 'अंगदुखी', कुठं 'पांढरे जाणे', कुठं नुसतीच गोळ्यांची नावं आणि खाली दोन आडव्या रेघा. तपासणीचा एक शब्द नाही. बाई म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला आतून कुणी तपासलं होतं का?" मावशी माझ्याकडे बघायला लागली. मग म्हणाली, "टेबलावर चढवलंच न्हाई कुणी."

पिशवीच्या तोंडाचा, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर. तिसरी स्टेज निघाली. गाठीनं मूत्राची नळी दाबून डाव्या किडनीला सूज आली होती. म्हणजे सूज होती, फक्त साहेब सांगत होते तिथं नव्हती.

आता मला ज्याचा खरा संताप येतो ते सांगते. हा रोग लवकर धरता येतो हे जगाला कुणी दाखवलं, माहितेय? आपल्या जिल्ह्यातल्या बायांनी. तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा. १९९९ पासून बार्शीच्या आणि मुंबईच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या लोकांनी इथल्या खेड्यांतल्या ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखावर बायांचा अभ्यास केला. २००९ मध्ये तो 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. ज्या गटातल्या बायांची एकदाच एचपीव्हीची (हा कॅन्सर ज्या विषाणूनं होतो त्याची) तपासणी केली, त्या गटातले गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. (एका गटातल्या बायांना तपासणीविनाच ठेवलं होतं, त्यावरून पुढं टीका झाली आणि ती व्हायलाच हवी होती.) बार्शीला खेड्यांतल्या कॅन्सरची नोंद १९८७ पासून ठेवली जाते, देशात खेड्यांसाठी अशी नोंद तिथंच पहिली. एवढं सगळं जिथं झालं तिथंच माझ्या मावशीला उष्णतेच्या गोळ्या. देशोदेशीच्या बायांना आपल्या बायांमुळं तपासणी मिळाली आणि आपल्या बायांना काय, तर सलाईन!

आणि शेजारच्या बीडमध्ये काय झालं तेही विसरू नका. ऊसतोडीच्या बायांच्या पिशव्या धडाधड काढल्या म्हणून २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पिशवी कापायला तयार, पिशवीच्या तोंडाशी बघायला मात्र कुणाला वेळ नाही. दोन्हीकडे रोग एकच, बाईला तपासायचंच नाही.

बरं, तक्रार केली नाही का, असं शहरातले मित्र विचारतात. पैसे घेऊन उपचार करणारा डॉक्टर ग्राहक कायद्याखाली येतो, सुप्रीम कोर्टानं १९९५ लाच सांगितलंय. दाखल पेशंटनं कागद मागितले तर ७२ तासांत द्यायचे असा नियम आहे, पण मावशी दिवसभर सलाईन लावून संध्याकाळी घरी यायची, तिला कोण दाखल म्हणणार? हातात त्या चिठ्ठ्या, बाकी काही नाही. चूक झाली हे सांगायलाही दुसरा डॉक्टरच लागतो, तालुक्यातला एकही तोंड उघडणार नाही. वकील तयार झाले होते. घरातले नाही झाले. "गावातल्या गावात कशाला वैर? उद्या लेकराला ताप आला तर कुठं जायचं?" हे वाक्य बोलणारे तेच, आज हात जोडणारे. दोन वर्षांची मुदत असते, ती निघून गेली.

आता चिडून चिडून थकले. डॉक्टरांच्या अंगावर धावून जाणारी, काचा फोडणारी झुंड मला नकोच आहे, त्याविरुद्ध २०१० चा कायदा आहे आणि तो असावा. ह्याच साहेबांनी कोविडात दवाखाना एक दिवस बंद ठेवला नाही, हेही खरं. लिहिलं, झालं.

मावशीला शेक दिले, म्हणजे रेडिएशन. त्या खोलीत एकटीला झोपवतात, दार बंद करतात. ती आत विठ्ठलाचं नाव घ्यायची आणि बाहेर आली की शेजारच्या बाकावरच्या बायांना, कुणाला किती शेक झाले, कुणाच्या सुनेनं डबा दिला नाही, सगळं विचारायची. लातूरची एक, परंड्याची एक, दोघी तिच्या मैत्रिणी झाल्या. तिघींचीही कहाणी गोळ्यांपासूनच सुरू होत होती. चौथ्या शेकानंतर रक्त कमी झालं तर आम्ही तिला पुरणपोळी करून नेली, तिनं अर्धी खाल्ली आणि अर्धी परंड्याच्या बाईला दिली. पुढचा आषाढ तिनं पाहिला नाही.

मरताना तिच्या मनात साहेबांबद्दल राग नव्हता, हे मला सगळ्यात जास्त छळतं. तिच्या वाटचा रागही मलाच धरावा लागतोय.

सरकारी दवाखान्यांत ३० ते ६५ वयाच्या बायांची तोंडाची, स्तनांची आणि गर्भाशयमुखाची तपासणी फुकट व्हायची असते. आरोग्य केंद्रात "आज सिस्टर नाहीत" म्हणाले तर आशाताईला फोन करा, आठ दिवसांनी परत जा, डोकं खा त्यांचं. मावशीच्या लेकीला घेऊन सोमवारी मी उपजिल्हा रुग्णालयात जातेय. ती अजून कुरकुरतेय, "ताई, मला कुठं काय होतंय?" काही होत नाही तेव्हाच जायचं असतं गं बयो. काल रात्री तिच्या सासूबाईंचा फोन आला, मला वाटलं नको म्हणतील. तर त्या हळूच म्हणाल्या, मी पण आले तर चालंल का? शेजारच्या दोघी पण विचारतायत म्हणे. आता मोठी गाडी बघावी लागणार, कुणाच्या ओळखीत असेल तर सांगा.