"नाही मावशी, चहा आत्ताच झाला"

३० जानेवारीला ग्रामसभेत कुष्ठरोगाची शपथ झाली. दरवर्षीच होते. एक जण वाचतो, निम्मे लोक मागून म्हणतात, उरलेले घरकुलाची यादी कधी निघते याची वाट पाहत बसतात. या खेपेला शाळेतले नवे गुरुजी फादर डेमियनवर दहा मिनिटं बोलले. बेल्जियमचा कॅथलिक पाद्री, हवाईतल्या मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांत सोळा वर्षं राहिला, त्याच रोगाने १८८९ साली तिथेच गेला, २००९ मध्ये पोपने त्याला संत ठरवलं. पोरगं चांगलं बोललं. पण 'त्याग' आणि 'देवमाणूस' हे शब्द चार-चारदा आले आणि मी खुर्चीत चुळबुळायला लागलो.

मी तेवीस वर्षं कुष्ठरोगाच्या कामात काढली. खेड्यात आम्हाला 'चट्टेवाले साहेब' म्हणत. काम साधं. अंगावर फिकट चट्टा दिसला की रोग्याला डोळे मिटायला सांगायचे, बॉलपेनचं टोक हळूच टेकवायचं आणि कुठे लागलं ते बोटाने दाखव म्हणायचं. चांगल्या कातडीवर बोट बरोबर जातं. चट्ट्यावर पेन टेकवलं की माणूस डोळे मिटून नुसता वाट पाहत बसतो. तो क्षण कितीही वेळा पाहिला तरी सवय होत नाही.

डेमियनला हा बधिरपणा स्वतःच्या पायावरून कळला. १८८४ च्या शेवटी उकळत्या पाण्याने पाय भाजला, फोड आले, आणि दुखलं मात्र काहीच नाही. तोवर त्याने अकरा वर्षं दुसऱ्यांचे पाय पाहिले होते. त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तो १० मे १८७३ ला तिथे उतरला तेव्हा तेहतीस वर्षांचा होता. त्याच वर्षी नॉर्वेत हॅन्सनने या रोगाचा जंतू शोधला, पण औषध यायला अजून जवळपास सत्तर वर्षं होती. हवाईच्या सरकारने १८६५ साली कायदा केला आणि पुढच्या वर्षापासून रोग्यांना घरातून उचलून अशा जागी नेऊन टाकलं, की तीन बाजूंनी समुद्र आणि चौथीकडे सरळसोट कडा. डेमियन सुरुवातीला केवड्याच्या जातीच्या एका झाडाखाली झोपला. मग घरं बांधली, पाण्याचा नळ आणला, शवपेट्या ठोकल्या, कबरी खणल्या. शेतकऱ्याच्या घरचा गडी, कामाला वाघ.

गुरुजींनी हे सगळं सांगितलं. राहिलं ते पोईचं वाडगं. पोई म्हणजे आपण ज्याला धोपा म्हणतो त्याच जातीच्या कंदाचा लगदा, तिथलं रोजचं जेवण. वाडगं मधोमध एकच, सगळ्यांची बोटं त्यात. आखडलेली, झिजलेली, जखमांचीसुद्धा. डेमियन त्यातच बोटं घालून खायचा. आपला पाइपही दुसऱ्याला ओढायला द्यायचा. आमच्या खात्याच्या हिशेबाने ही शुद्ध बेफिकिरी, आणि मी तिची शिफारस करणार नाही. पण माझं ठाम मत आहे की लोकांनी त्याला आपला म्हटलं ते या वाडग्यामुळे. घरं-बिरं सरकारही बांधून देतं.

हे मी का म्हणतो, तर चिमूरकडच्या एका गावात माझी एक मावशी होती. म्हणजे रोगी, पण मी मावशी म्हणायचो. औषध सुरू होतं, बारा महिन्यांचा कोर्स, फुकट. एका गोळीने लघवी लाल व्हायची, दुसरीने कातडी काळवंडायची, आणि काळवंडली की गावाला कळायचं. लोक औषध सोडायचे ते याच भीतीने. मावशीने सोडलं नाही. मी दर महिन्याला जायचो, ओसरीत बसून 'हात लावल्याने हा रोग होत नाही' असं तिच्या सुनेला समजावून सांगायचो. मावशी म्हणायची, "च्या घ्या ना जी साहेब." मी म्हणायचो, "नाही मावशी, आत्ताच झाला."

सातव्या-आठव्या महिन्यात ती म्हणाली, "तुमचा च्या आमच्या घरी येयच्या पयलेच कसा होते जी?"

रागाने नाही, सहज विचारलं. त्या दिवशी प्यालो. घशाखाली उतरेना, खरं सांगतो. सगळं पाठ असलेला सरकारी माणूस मी.

म्हणून मला आपल्या वरोऱ्याचे बाबा आमटे आनंदवनापेक्षाही एका गोष्टीसाठी मोठे वाटतात. पावसात पडलेल्या तुळशीराम नावाच्या कुष्ठरोग्याला पाहून ते आधी घाबरून पळाले होते, आणि हे त्यांनी स्वतःच जगाला सांगितलं.

आता कोणी खाली लिहिण्याआधीच लिहितो: "डेमियन धर्मप्रचाराला गेला होता." हो, गेला होता. पाद्री आणखी कशाला जाईल? शिवाय हेकट होता, आरोग्य खात्याशी भांडायचा, वरिष्ठही त्याला वैतागलेले. माझी तक्रार वेगळीच आहे. डेमियनच्या आधीपासून तिथे धडधाकट बायका नवऱ्यांसोबत, नवरे बायकांसोबत आपखुशीने जाऊन राहिले होते. त्यांना 'कोकुआ' म्हणत. त्यांच्यावर कोणी भाषण करत नाही.

दिवाळीत त्या गावी गेलो होतो. मावशी कधीच बरी झाली आहे, बोटं मात्र वाकडी राहिली ती राहिलीच. सुनेने ट्रेमध्ये चिनी मातीचे कप आणले, मला एक, स्वतःला एक, पोरांना दोन. मावशीचा ॲल्युमिनियमचा मग ओसरीबाहेरच्या खिळ्याला टांगलेला होता, तो काढून त्यात चहा ओतला. मावशीने आधी मगाला पदर गुंडाळला, मगच दोन्ही तळव्यांत धरला. चटका कळत नाही, म्हणून पदर गुंडाळायला मीच शिकवलं होतं.

चहा झाल्यावर तिने मग विसळला आणि स्वतःच परत खिळ्याला अडकवला.