‘सायको टेस्टच्या बॅचचे पैसे वाया गेले’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार सर,

रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलट (सहायक इंजिनचालक) भरतीतल्या सीबॅटसाठी, म्हणजे सगळे ज्याला सायको टेस्ट म्हणतात त्या संगणकावरच्या क्षमता चाचणीसाठी, चिरंजीवांनी आमची बॅच केली. पाचपैकी चार टेस्टमध्ये टी-स्कोअर (इतरांच्या तुलनेत काढलेला आकडा) 55 च्या पुढे, एकीत 40, आणि तेवढ्यावर ते बाहेर. वर ‘सायको म्हणता आणि स्वभावाचा एक प्रश्न घेत नाही’ असंही तुम्ही लिहिलंय.

स्वभावाचे प्रश्न या परीक्षेत नसतातच. स्मरणशक्ती, सूचनांप्रमाणे कृती, डेप्थ परसेप्शन (चित्रातली खोली ओळखणं), एकाग्रता आणि परसेप्चुअल स्पीड (बारकावे चटकन टिपणं), एवढंच. मुलाखतही नाही. उगाच व्यक्तिमत्त्व विकासाचे तास लावून फी वाढवणं आम्हाला पटत नाही.

किमान 42 टी-स्कोअरची अट मात्र कडक आहे. प्रत्येक टेस्टमध्ये वेगळे 42 लागतात, कुठल्याच प्रवर्गाला सूट नाही, आणि एकीतली कसर दुसरीत भरून निघत नाही. सीबॅटचं 30 टक्के वजन पाचही पार केल्यावरच मोजलं जातं. उरलेलं 70 दुसऱ्या सीबीटीचं, म्हणजे त्याआधीच्या संगणकावरच्या प्रश्नोत्तरांच्या परीक्षेचं.

शिवाय 42 म्हणजे 42 गुण नव्हेत. टी-स्कोअरमध्ये सरासरीला 50 धरतात आणि एका प्रमाण विचलनाला (गुण सरासरीच्या आजूबाजूला किती पसरलेत त्याचं माप) 10. समजा सरासरी 18 बरोबर उत्तरं आणि विचलन 5 आहे, तर 14 ला 42 मिळतात. विचलन तेच आणि सरासरी 22 असेल तर त्याच 42 साठी 18 लागतात. म्हणून ‘15 तरी बरोबर होती’ यावरून काहीच कळत नाही.

चिरंजीवांचे 40 डेप्थ परसेप्शनमध्ये आहेत. विटांच्या ढिगाऱ्यात खुणेच्या विटेला किती विटा टेकल्यात ते मोजायचं असतं. बहुतेक मुलं दिसणाऱ्या मोजतात. खाली आडवी गेलेली, जिचं फक्त टोक दिसतं, ती सुटते. वर, खाली, डावी-उजवी, पुढे-मागे हा क्रम प्रत्येक विटेला तोच ठेवायचा. दुसरी चूक सीबीटीच्या सवयीची: तिथे निगेटिव्ह मार्किंग असतं म्हणून मुलं प्रश्न सोडतात. सीबॅटमध्ये ते नाही, तरी हात आखडतोच.

आता आमची चूक. सराव चाचणीत आम्ही एकूण टक्केच दाखवत होतो. त्यात 78 टक्के दिसले आणि विटांची बाजू लंगडी आहे हे तुम्हालाही कळलं नाही, आम्हीही सांगितलं नाही. ही तक्रार रास्त आहे. या बॅचपासून पाचही टेस्टचे आकडे वेगवेगळे देतोय. ते चाळीसेक मुलांच्या सरासरीवरचे आहेत, रेल्वेचा टी-स्कोअर म्हणून धरू नका.

पावती घेऊन या. पुढच्या बॅचचे सगळे सराव चिरंजीवांना विनाशुल्क. सूचना हिंदीत वाचायची सवय आतापासून लावा, कारण सीबॅट मराठीत नसते. आणि डोळ्यांचं प्रमाणपत्र ठरलेल्या नमुन्यातच घ्या. मूळ प्रत नसेल तर परीक्षेलाच बसू देत नाहीत.

— संचालक