आईवडिलांच्या हातातला स्मार्टफोन काढून घेऊ नका

वाडीच्या आणि मुंबई मंडळाच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. मुंबईत राहणाऱ्या मुलांसाठी लिहिलेला. त्याचं म्हणणं असं, की गावच्या आईवडिलांचा स्मार्टफोन काढून घ्या, साठीनंतर बटणाचा फोन पुरे. कारणं चार दिली आहेत. साध्या फोनवर फसवणूक होत नाही, म्हातारी माणसंच फसतात, एटीएमचा नि यूपीआयचा पिन मुलांनी स्वतःकडे ठेवावा, आणि पैसे एकदा गेले की गेले, तक्रारीचा उपयोग नाही. लोक हा मेसेज काळजीपोटीच पुढे पाठवतात, याबद्दल मला शंका नाही. पण तो ऐकला तर नुकसान आईवडिलांचंच होणार आहे.

पहिलं कारण साध्या फोनचं. ‘तुमचं एटीएम कार्ड बंद झालंय, कार्डावरचे आकडे सांगा’ असे फोन घरोघरी स्मार्टफोन येण्याआधीपासून येत होते, आणि ते बटणाच्या फोनवरच येत होते. 2022 मध्ये ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर संपर्क करा’ हा मेसेज फिरला. तो साधा एसएमएस होता. बटणाच्या फोनवरही तो तसाच येतो आणि खालचा नंबरही तसाच लागतो. लग्नपत्रिकेच्या किंवा आरटीओच्या चलनाच्या नावाने येणारी एपीके फाइल, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, स्मार्टफोनवरच धोक्याची, हे खरं. पण कार्डाचे आकडे आणि ओटीपी तोंडीच काढून घेता येतात, त्याला ॲप कशाला लागतं?

आणि फोन गेला की काय काय जातं तेही बघा. पेन्शनरांचा हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्या निघतो. तो फोन नसेल तर नोव्हेंबरात गुडघे धरत एसटीने तालुक्याला जायचं. सातबारा, नातवंडांचा व्हिडिओ कॉल, हापूसच्या ऑर्डरी हे सगळं त्याच फोनवर आहे.

दुसरं कारण, म्हातारेच फसतात. अमेरिकेत फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेकडे 2023 मध्ये आलेल्या तक्रारींत विशीतल्या 44 टक्के लोकांनी पैसे गेल्याचं सांगितलं, सत्तरीतल्यांमध्ये हे प्रमाण 25 टक्के होतं. वयस्कांची रक्कम मात्र मोठी जाते, तेही तिथेच दिसतं. आकडे तिकडचे आहेत, पण म्हातारेच फसतात असं नाही एवढं त्यातून कळतं.

आपल्याकडचा प्रकार घ्या. एप्रिल-मेमध्ये बागायतदाराला फोन येतो, ‘मैं आर्मी से बोल रहा हूँ, बीस पेटी चाहिए.’ मग क्यूआर कोड येतो. स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील, म्हणतात. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. पण त्याच्याही आधी कान टवकारायला हवेत अशी एक गोष्ट त्या फोनमध्ये असते. हे गिऱ्हाईक भाव करत नाही. डझनाचा दर, फळाचं वजन, माल कच्चा की तयार, काही विचारत नाही. वाशीच्या दलालांशी उभा जन्म घासाघीस केलेल्या माणसाला हे खटकतंच. त्याला धीर द्या, की खटकलं तर फोन ठेवून द्या, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

तिसरं कारण मला सर्वांत घातक वाटतं. पिन मुलाकडे ठेवला, तर औषधाच्या पाचशे रुपयांसाठीही बापाने विरारला फोन करायचा. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार, पिन किंवा ओटीपी दुसऱ्याला सांगितल्याने पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान खातेदाराचं. त्याहून वाईट आहे ती सवय. ‘आई, आत्ता ओटीपी आला असेल बघ, पटकन सांग, वेळ संपेल.’ असा फोन कुठल्या घरी येत नाही? गणपतीचं रेल्वेचं तिकीट असो की आईच्या खात्यातून भरायचं बिल, मुलं घाई करतात आणि आई चष्मा शोधत आकडे वाचून दाखवते. फोनवर कुणीतरी घाई केली की आकडे सांगायचे, हे आपणच तिला शिकवलं. उद्या दुसरा कुणी तसाच घाईने बोलला तर ती सांगणारच. म्हणून आईवडिलांचे व्यवहार त्यांच्याच हातून होऊ द्या, गावी आलात की शेजारी बसून.

राहिलं चौथं, तक्रारीचा उपयोग नाही. हे साफ चूक आहे. 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर त्यासाठीच आहे, आणि तो बटणाच्या फोनवरूनही लागतो. गेलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात सरकवले जातात. तक्रार लवकर झाली तर वाटेतच रक्कम गोठवता येते. सगळे परत मिळतीलच अशी हमी नाही, पण प्रत्येक तास मोलाचा असतो. बँकेलाही लगेच कळवायचं, कारण कळवल्यानंतर जे जाईल ते त्याच परिपत्रकानुसार बँकेच्या माथी.

हा वेळ वाया जातो तो भीतीपोटी. पोरं ओरडतील, फोन काढून घेतील, गावात हसं होईल, म्हणून माणूस गप्प बसतो. ‘डिजिटल अटक’वाले तर याच भीतीवर जगतात. व्हिडिओ कॉलवर खोटा पोलीस बसवून ‘घरात कुणाला सांगू नका’ म्हणतात. अशी अटक कायद्यात नाहीच. 27 ऑक्टोबर 2024 च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही ते स्पष्ट सांगितलं. पण ज्याला मुलाचीच धास्ती, तो मुलाला विचारणार कसा?

तेव्हा तो मेसेज पुढे ढकलण्याऐवजी गावी एक फोन करा. ‘बाबा, काही झालं तरी आम्ही ओरडणार नाही, आधी सांगा’ एवढं बोला. कागदावर बँकेचं नाव, खाते क्रमांक आणि शाखेचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून कॅलेंडरशेजारी लावायला सांगा. तक्रार करताना व्यवहाराची वेळ आणि एसएमएसमधला व्यवहार क्रमांकही विचारतात, म्हणून पैसे गेल्याचा मेसेज पुसायचा नाही, हेही त्यावर असू द्या. आणि सर्वांत वर, तुमच्या नंबरच्याही वर, 1930.