टॉवरची भीती आणि आईचे चार महिने

आज दुपारी आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या शेजारच्या काकूंनी मोबाइलच्या पाठीवर चिकटवलेली एक सोनेरी चकती मोठ्या विश्वासाने मला दाखवली. "टॉवरच्या लहरी ही खेचून घेते" असे सांगून दारावर आलेल्या माणसाने ती त्यांना दीड हजार रुपयांना विकली होती. त्यांच्या निवृत्तिवेतनातले दीड हजार! माझा संताप अजून शमलेला नाही.

ही भीती मी घरात पाहिली आहे. समोरच्या गच्चीवर टॉवर उभा राहिला, त्याच वर्षी आईचे डोके दुखू लागले. आम्ही तिचा पलंग खिडकीपासून हलवला, काचांना चंदेरी कागद लावला आणि चार महिने तिचा रक्तदाब एकदाही मोजला नाही. मोजला, तेव्हा वरचा आकडा २१० होता. पुढे पक्षाघाताने गेलेला तिचा उजवा हात शेवटपर्यंत उचलला गेला नाही.

मोबाइलच्या लहरींत रेणूंचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा नसते, त्यामुळे त्यांना क्ष-किरणांच्या पंक्तीला बसवणे चूक आहे. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे शरीराचा भाग तापणे, आणि तो टाळण्यासाठीच मर्यादा आखलेल्या आहेत. आपल्या देशाने तर १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. शिवाय टॉवर दूर गेला की कानाशी धरलेला फोन अधिक जोराने लहरी सोडतो, हे टॉवर हटवण्यासाठी सह्या गोळा करणाऱ्यांना कोणी सांगत नाही.

२०११ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या लहरी 'कदाचित कर्करोगकारक' गटात घातल्या, हे मान्य. पण 'कदाचित' या शब्दाचा अर्थ पुरावा मर्यादित आहे, ठाम नाही, असाच होतो. कोरफडीच्या पूर्ण पानाचा अर्कही त्याच गटात आहे. त्याच संघटनेने करवून घेतलेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. संशोधन चालू राहावे, जरूर राहावे. त्याच्या नावावर म्हाताऱ्या माणसांना लुटणे मात्र मला सहन होत नाही.

काकूंनाही मी हे जरा चढ्या आवाजातच ऐकवले. त्या शांतपणे म्हणाल्या, "अरे, मग रात्री माझ्या कानात शिट्टी का वाजते?" मी गप्पच झालो. आम्हीही आईला असेच काहीतरी ऐकवत होतो. तिला नेमके काय होते आहे, हे कोणी विचारले नव्हते.

मी घरी जाऊन आईचे रक्तदाबाचे यंत्र घेऊन आलो. काकूंचा आकडा १७० आला. उद्या सकाळी त्यांना डॉक्टरांकडे नेणार आहे. चकती अजून त्यांच्या मोबाइलवरच आहे. मी काढायला सांगितली नाही.