तीनातल्या एका मांजराला ल्युकेमिया? कुठल्या मांजरांपैकी, ते आधी विचारा

मांजरं पाळणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. त्यातले दावे असे: मांजरांच्या ल्युकेमियाचा विषाणू, म्हणजे एफईएलव्ही, दर तीन मांजरांतल्या एकाला असतो. रस्त्यावरच्या मांजरांत तो जवळपास सगळ्यांनाच असतो. टेस्ट पॉझिटिव्ह आली तर मांजर वाचत नाही, तेव्हा त्याला इंजेक्शन देऊन संपवावं. विषाणू चपलांवरून, कपड्यांवरून घरात येतो. आणि ज्यांच्या मांजरांना नेहमीची लस दिलेली आहे त्यांना काळजीचं कारण नाही.

असा मेसेज वाचून कुणी फॉस्टरला घेतलेलं पिल्लू परत करतं, कुणी बिल्डिंगखालच्या मांजरीला खाऊ घालणं थांबवतं. एखादं मांजर तर टेस्टच्या पट्टीवरच्या एका रेघेपायी जिवाला मुकतं. म्हणून हे दावे एकेक करून तपासायला हवेत.

"दर तीन मांजरांत एक"

हा आकडा हवेतून आलेला नाही. पशुवैद्यकीय माहितीपत्रकांत बरेचदा लिहिलेलं असतं की, एकूण मांजरांत लागण २ ते ३ टक्के, आणि आजारी किंवा मोठ्या जोखमीच्या मांजरांत ती ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. मेसेज पुढे जाता जाता पहिला भाग गळाला, मग 'आजारी' गळालं, मग 'पर्यंत' गळालं. उरलं तीन मांजरांतलं एक.

प्रत्यक्ष मोजणी काय सांगते? २००४ साली उत्तर अमेरिकेतले दवाखाने आणि निवारे मिळून १८,०३८ मांजरं तपासली गेली. एफईएलव्ही २.३ टक्के मांजरांत सापडला. पुढे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ६२ हजारांवर मांजरं होती आणि प्रमाण ३.१ टक्के. युरोपातल्या ३२ देशांतल्या सुमारे ६,००० मांजरांची लाळ तपासली, त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले: एकूण २.३ टक्के, दक्षिण युरोपात मात्र ५.५ टक्के. ही सगळी दवाखान्यात किंवा निवाऱ्यात आलेली मांजरं आहेत, हेही ध्यानात ठेवायला हवं. घरात सुखाने लोळणाऱ्या, कधीच तपासणीला न येणाऱ्या मांजरांची गणती यात नाही.

मोठे आकडे कुठून येतात हे या विषाणूच्या इतिहासातच दिसतं. १९६४ साली ग्लासगोमध्ये विल्यम जॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधला, तोही एकत्र राहणाऱ्या मांजरांत लिम्फोमाच्या, म्हणजे एका प्रकारच्या कर्करोगाच्या, गाठी एकापाठोपाठ होताना दिसल्या म्हणून. जिथे लागण झालेली मांजरं इतरांसोबत दाटीने राहतात, तिथे पिल्लांमागून पिल्लं बाधित होतात. अशा घरातलं प्रमाण काढलं तर ते भयंकरच येणार. पण ते त्या घराचं प्रमाण आहे, गावाचं नाही.

याचा अर्थ अमेरिकेतले दोन टक्के उचलून मुंबई-पुण्याला चिकटवावेत असाही नाही. मलेशियात ३६८ पाळीव मांजरांच्या पाहणीत एफईएलव्ही सुमारे १२ टक्के निघाला होता. ही पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. आशियातल्या शहरांत मांजरांची दाटी जास्त, निर्बीजीकरण तोकडं, त्यामुळे इथे प्रमाण चढं असू शकतं. त्याच मलेशियन पाहणीत ३१ टक्के मांजरांत एफआयव्ही निघाला, आणि तो मांजरांची प्रतिकारशक्ती खालावणारा वेगळाच विषाणू आहे. दोन्हींची टेस्ट एकाच किटवर होते, त्यामुळे बोलताना त्यांची सरमिसळ सर्रास होते. कुणी तीनातलं एक म्हणालं, तर कुठला विषाणू, कुठला देश आणि कुठली मांजरं, हे तिन्ही विचारायलाच हवं.

"रस्त्यावरच्या मांजरांत तर सगळ्यांनाच"

हे धडधडीत खोटं आहे. अमेरिकेतल्या रॅली आणि गेन्सव्हिल या दोन शहरांत निर्बीजीकरणासाठी पकडलेल्या १,८७६ बेवारस मांजरांच्या तपासणीत एफईएलव्ही ४.३ टक्के होता. २००२ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास आहे. घराबाहेर हिंडणाऱ्या पाळीव मांजरांतही प्रमाण साधारण असंच असतं.

कारण समजून घेण्यासारखं आहे. हा विषाणू मुख्यतः लाळेतून पसरतो: एकमेकांना चाटणं, एकाच भांड्यात खाणं, चावे. आईकडून पिल्लांना तो पोटात असताना, दुधातून, चाटण्यातून मिळतो. त्याला दीर्घ सहवास लागतो. पिल्लं त्याला सहज बळी पडतात, तर मोठं झालेलं मांजर बऱ्याच अंशी तोंड देऊ शकतं. कंपाउंडच्या भिंतीवरून एकमेकांवर गुरगुरणाऱ्या दोन बोक्यांपेक्षा एका खोलीत, एका परातीत जेवणारी, तपासणी न झालेली दहा मांजरं जास्त धोक्यात असतात. हे सांगताना मला वाईट वाटतं, कारण अशी खोली बहुधा चांगल्या मनाच्या माणसाने उघडलेली असते. पण सावधगिरीची गरज तिथेच जास्त आहे.

"पॉझिटिव्ह म्हणजे संपलं"

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं.

दवाखान्यातलं रॅपिड किट रक्तात विषाणूचं पी२७ नावाचं प्रथिन शोधतं. किट चांगली असतात, पण अचूक कुठलीच नाहीत. समजा १,००० धडधाकट मांजरं तपासली आणि त्यांत खरी लागण २ टक्के, म्हणजे २० मांजरांना आहे. किटने ती वीसच्या वीस पकडली असं धरू. उरलेल्या ९८० पैकी फक्त २ टक्क्यांत चुकीची रेघ उमटली, तरी ती जवळपास २० मांजरं झाली. म्हणजे चाळीस पॉझिटिव्ह, त्यांतली निम्मी निरोगी. तेच किट बाधित आईच्या आजारी पिल्लांवर वापरलं, जिथे खरी लागण ३० टक्के आहे, तर हजारात ३०० खरी आणि जेमतेम १४ खोटी. रेघ तीच, तिचा अर्थ मात्र समोरच्या मांजरावर ठरतो. म्हणूनच धडधाकट मांजराची टेस्ट पॉझिटिव्ह आली तर दुसऱ्या पद्धतीने, शक्य असेल तर पीसीआरने, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या टेस्टने, खात्री करून घ्यायची असते.

आणि लागण खरी असली तरी तिचे प्रकार आहेत. काही मांजरांचं शरीर विषाणू पूर्ण झटकून टाकतं, मागे फक्त प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) राहतात. काहींत विषाणूचा जनुकीय अंश पेशींमध्ये दडून राहतो, पण रक्तात विषाणू दिसत नाही आणि सहसा ते मांजर दुसऱ्याला लागणही देत नाही. अशा मांजराचं रक्त मात्र दुसऱ्या मांजराला चढवू नये. तिसऱ्या प्रकारात विषाणू रक्तात कायम राहतो, अस्थिमज्जेवर आघात होतो, पंडुरोग, लिम्फोमा, वारंवारचे संसर्ग मागे लागतात. 'तीन वर्षांत बहुतेक मरतात' हे या तिसऱ्या गटाबद्दल म्हटलं जातं, आणि तो धोका खरा आहे. एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात बाधित मांजरं निदानानंतर मध्यमानाने २.४ वर्षं जगली, तर बाधा नसलेली ६ वर्षं. पण अडीच वर्षं म्हणजे मांजराच्या आयुष्यातला मोठा काळ. तेवढे दिवस ते खातं, खेळतं, खिडकीतल्या उन्हात पसरतं. टेस्टच्या दिवशीच त्याला मारणं याला दया म्हणता येत नाही.

पहिल्या आठवड्यांत ज्याच्या रक्तात विषाणू दिसतो, ते मांजर पुढे दुसऱ्या गटातही जाऊ शकतं. त्यामुळे काही आठवड्यांनी, काही वेळा काही महिन्यांनी पुन्हा तपासल्याशिवाय अंतिम काही बोलू नये.

"चपलांवरून घरात येतो"

येत नाही. एफईएलव्हीला नाजूक आवरण असतं. शरीराबाहेर, कोरड्या जागी तो काही तासांत निकामी होतो आणि साध्या साबणानेही मरतो. चपलांवरून येणारा आजार म्हणजे पॅनल्युकोपेनिया. तो पार्व्होच्या जातीचा विषाणू आहे, खोलीत वर्षभरही टिकू शकतो आणि पिल्लांना झपाट्याने मारतो. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा या दोन आजारांची गल्लत केली आहे. माणसाला एफईएलव्हीची लागण होत नाही.

"नेहमीची लस दिली असेल तर काळजी नको"

बाकीचा मेसेज घाबरवतो आणि शेवटी इथे खोटा धीर देतो. आपल्याकडे ट्रायकॅट म्हणून दिली जाणारी तिहेरी लस पॅनल्युकोपेनिया, हर्पीस आणि कॅलिसी या तीन विषाणूंवर आहे. ती द्यायलाच हवी, पण एफईएलव्ही तिच्यात नाही. त्याची लस वेगळी असते, १९८५ पासून ती अस्तित्वात आहे, आणि ती लागण नसलेल्या मांजरालाच उपयोगाची. म्हणून आधी टेस्ट. तुमच्या शहरात ती मिळते का, हे व्हेटला स्पष्ट विचारा.

लस नसेल तर तपासणी आणि वेगळं ठेवणं हे दोनच उपाय हातात राहतात. नवं मांजर घरी आणलं की आल्या आल्या टेस्ट करा. निगेटिव्ह आली तरी किमान तीस दिवसांनी पुन्हा करा, कारण अगदी ताजी लागण पहिल्या टेस्टमध्ये दिसत नाही. तोवर त्याला वेगळ्या खोलीत ठेवा, खाण्या-पिण्याची भांडी आणि मातीचा ट्रे वेगळा ठेवा. आईचं दूध पिणाऱ्या लहान पिल्लाचीही ही टेस्ट चालते, कारण आईकडून आलेल्या प्रतिपिंडांचा तिच्यावर परिणाम होत नाही. त्याच किटवरच्या एफआयव्हीच्या रेघेचं मात्र तसं नाही. सहा महिन्यांखालच्या पिल्लात ती रेघ आईच्या प्रतिपिंडांमुळेही उमटू शकते, तेव्हा ते पिल्लू सहा महिन्यांचं झाल्यावर पुन्हा तपासा.